ओला रस्ता आणि आमचा नेव्हिल

आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. त्यातली एकतीस माझा नवरा रस्त्यावर होता. ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारी! पण नेव्हिल हॅड्रिक रस्त्यावर होता तो पगारी होता. बुलारा गावापासून राज्याच्या हद्दीपर्यंत दोनशे बारा किलोमीटर तांबडी माती, आणि त्या मातीवर कौन्सिलचा पिवळा ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, घेऊन हा एकटा माणूस. ग्रेडरमागे बांधलेलं चाकांवरचं खोपट, त्यात एक पलंग, एक स्टोव्ह आणि डब्यातले वाटाणे. दहा दिवस तिकडे, चार दिवस घरी. त्या चार दिवसांतही हातांना चैन नसायचं. अंगणाची माती सपाट करत सुटायचा. माझी गुलाबाची चार रोपं त्यात गेली, ती मी अजून विसरलेली नाही.

काम काय, तर ग्रेडरचं पातं लावायचं, पन्हाळी पत्र्यासारखा झालेला रस्ता खरवडायचा, माती मधोमध ओढून रस्त्याला जरा पोट द्यायचं, म्हणजे पाणी दोन्ही कडांना पळतं, आणि कडेला चर काढायचे. हद्दीपर्यंत पोचायला महिना-सव्वा महिना. तोवर बुलाराकडचा रस्ता पुन्हा पन्हाळी झालेला. की परत सुरुवात. दर दोन-तीन वर्षांनी पूर यायचा आणि सगळंच धुऊन न्यायचा.

"एकतीस वर्षं राबलास," मी एकदा त्याला म्हटलं, "त्यातला एक इंच तरी दाखवता येईल का कुणाला?"

"तू बावीस वर्षं पोस्ट सांभाळलंस," तो म्हणाला. "त्यातली किती पत्रं अजून पोस्टात आहेत?"

बोलण्यात हा असा. वर्षभर तोंड उघडणार नाही, आणि उघडलं की समोरच्याने गप्प बसायचं.

दोन वर्षांपूर्वी तो रिटायर झाला आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. त्याच्या जागी तीन माणसं आली नि गेली. एक उन्हाला कंटाळला, एक माश्यांना, आणि तिसरा स्वतःच्याच सोबतीला. चौथी एक तरुण मुलगी आली, कुठल्या तरी लांबच्या खाणीवरून. आठ महिने टिकली होती, पण नेव्हिलने तिला पाहिलं नव्हतं. पंपावर ट्रकवाले आले की हा आपला पाय ओढत तिथे हजर. "काय रे, नव्वदाव्या किलोमीटरचं वळण कसं आहे? चर काढलेत का तिथे?" ट्रकवाले बिचारे म्हणायचे, बरं आहे, नेव्ह. घरी येऊन हा मला सांगायचा, "बरं आहे म्हणतात. बरं म्हणजे काय ते बोलत नाहीत." रस्ता कुणाच्या पदरात पडलाय, ही एकच काळजी त्या माणसाला खात होती. पोटच्या पोरीच्या लग्नात नव्हती केली एवढी.

मग कौन्सिलचं पत्र आलं. सात मैलाच्या ओढ्यावर जी काँक्रीटची फरशी आहे, म्हणजे पाणी वरून वाहणारा बुटका पूल, तिला नेव्हिलचं नाव द्यायचं ठरलंय. जुलैच्या सुट्टीतला रविवार, सकाळी अकरा वाजता, पाटीचं अनावरण, भाषण आणि चहा.

"असली नाटकं मला नकोत," नेव्हिल म्हणाला. आणि दुपारी जाऊन निळा शर्ट घेऊन आला. आता मला सांगा!

आमची लेक जोडी ब्रिस्बेनहून येणार होतीच. ती, तिचा नवरा डेमियन आणि नऊ वर्षांची पायपर. जोडीनेच बेत आखला. आठ दिवस सगळ्यांनी मिळून फिरायचं, रस्त्याच्या त्या टोकाला तांबड्या वाळूच्या टेकड्यांत मुक्काम करायचा, आणि परत येताना शनिवारी रात्रीपर्यंत घर गाठायचं. गाडी एक, माणसं पाच, मागे ट्रेलर, ट्रेलरवर वळकट्या, पाण्याच्या टाक्या, बिडाचं मोठं भांडं, दोन जादा टायर. आणि मागच्या खिडकीला हँगरवर टांगलेला तो निळा शर्ट. त्याला कुणी टेकायचंसुद्धा नाही.

जाताना काय मजा आली म्हणता! दर पंधरा-वीस किलोमीटरवर नेव्हिल गाडी थांबवायचा, खाली उतरून रस्त्यावर उकिडवा बसायचा आणि तळहात टेकवून बघायचा.

"काय बघतात आजोबा?" पायपरने विचारलं.

"ताप आहे का ते," मी म्हटलं.

डेमियन बँकेत असतो. चांगला आहे, पण समोरून गाडी आली की लग्नाच्या वरातीत असल्यासारखा अख्खा हात हलवायचा. नेव्हिल स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, बास. "अरे जावयबापू," नेव्हिल शेवटी म्हणाला, "सगळा सलाम पहिल्याच गाडीला घातलास तर पुढच्यांनी काय करायचं?" पाचव्या दिवसापर्यंत डेमियन दोन बोटांवर आला.

"मग? कसं आहे पोरीचं काम?" टेकड्यांजवळ चूल पेटवताना मी नेव्हिलला विचारलं.

तो निखारे सारत बसला. बिडाच्या भांड्यात मटण शिजत होतं, राखेत पाव भाजायला ठेवला होता. "हात चांगला आहे," तो म्हणाला. "पातं धरता येतं तिला. पण जीव आहे का त्यात, ते नाही समजत. माझ्या आधीच्याचाही हात चांगला होता, पण पहिल्या पावसात पळून गेला."

आणि सकाळी सकाळी हे महाशय गायब. पायपर शोधायला गेली ती धावत परत आली. "आजी, आजी! आजोबा ट्रेलरच्या मागे उभे राहून काकाकुव्यांना भाषण देतायत!" तीन पानं लिहिली होती त्याने. एकतीस वर्षांत मला दोन ओळींची चिठ्ठी लिहिली नाही या माणसाने. मी पायपरला सांगितलं, काही बोलायचं नाही. हसू नको. ऐक फक्त.

त्याला तिथे जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. रस्ता चांगला असला की ग्रेडरवाल्याचं नाव कुणी काढत नाही, खराब असला की सगळे काढतात. जन्मात एकदा चार माणसांनी बोलावून टाळ्या वाजवाव्यात, एवढीच त्याची इच्छा होती, आणि माझीही. मीही नवा ड्रेस घेतला होता, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बुलारापासून नव्वद किलोमीटरवर एका डोहाकाठी उतरलो. शनिवारी दुपारपर्यंत आरामात घरी. पण शनिवारी सकाळीच आभाळ भरून आलं. आमच्याकडे जुलै म्हणजे कोरडा हिवाळा, त्यात पाऊस म्हणजे नवल. जेमतेम बारा मिलिमीटर पडला. तुम्ही म्हणाल, त्यात काय? आमची माती अशी की एवढ्यातच रस्त्याचा साबण होतो. तासाभरात रेडिओवर सांगितलं, बुलारा ते हद्द रस्ता पुढची सूचना येईपर्यंत बंद.

बंद म्हणजे बंद. आमच्याकडे चोर एक वेळ परवडला, पण ओल्या रस्त्यावर गाडी घालणारा नाही. चाकांनी पडलेल्या चाऱ्या उन्हात वाळून दगड होतात आणि मग महिनाभर प्रत्येकाच्या कमरेचं भरीत. त्यात नेव्हिल म्हणजे या बाबतीत जमदग्नी. माझा सख्खा भाऊ लेस, स्वतःच्या साखरपुड्याला निघाला होता, आणि याने रस्ता ओला म्हणून ग्रेडर आडवा लावला. भाऊ गयावया करतोय, हा हलायला तयार नाही. दोन दिवस लेस त्याच्या खोपटात बसून डब्यातले वाटाणे खात होता. पोरगी चांगली, म्हणून लग्न मोडलं नाही.

रविवारी सकाळी ऊन पडलं. रस्ता वरून छान दिसत होता, वाळल्यासारखा. आठ वाजता नेव्हिलच्या सॅटेलाइट फोनवर कौन्सिलचे अध्यक्ष डग साहेब.

"कुठे आहेस रे नेव्ह? फरशीपर्यंत चिखल म्हणून कार्यक्रम गावातच हॉलमध्ये घेतोय, माणसं जमायला लागतील इथे."

"रस्ता बंद आहे, डग."

"ते आहेच रे. पण तुला काय सांगायचं, तुझाच रस्ता तो! ये हळूहळू कडेकडेने. कोण बघतंय?"

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! फोन ठेवून नेव्हिल रस्त्यापर्यंत गेला, बुटाच्या टाचेने माती दाबली, परत आला. कुणाकडे न बघता त्याने निळा शर्ट हँगरवरून काढला.

"वरची साल वाळलीय," तो बटणं लावत म्हणाला. "टायरमधली हवा कमी करतो. पहिल्या वळणापर्यंत जमीन कडक आहे, मला माहितीय."

"लेसलाही माहीत होतं," मी म्हटलं.

"लेसला ढेकूळ माहीत नव्हतं!"

"वा रे वा! आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं!"

जोडी म्हणाली, "आई, जाऊ दे ना. एकदाच तर आहे." डेमियनने तर तंबू उपटायलाही घेतला. आणि मी? मी मोठ्या तोंडाने म्हणाले खरी, पण नवा ड्रेस घालून गाडीत पुढे जाऊन बसले. मला ऐकायचं होतं ते भाषण. त्या काकाकुव्यांनी ऐकलं आणि मी ऐकायचं नाही?

पहिले दोनशे मीटर ठीक गेले. नेव्हिल श्वास रोखून चालवत होता. मग ट्रेलर एकदम डावीकडे सरकला, गाडी उजवीकडे, आणि चाकं बसली. बसली म्हणजे लोण्यात सुरी. नेव्हिलने गिअर बदलला, गाडी रेटली, अजून दीडशे मीटर फरफटत नेली. चिखल खिडक्यांपर्यंत उडाला. पायपर ओरडली, "होऽऽ!" तिला वाटलं गंमतच चाललीय.

नेव्हिलने इंजिन बंद केलं आणि नव्या बुटांनिशी खाली उतरला. मीही उतरले. मागे बघितलं तर सरळसोट सुंदर रस्त्यावर दोन चाऱ्या, नडगीएवढ्या खोल, आणि मध्ये ट्रेलरने केलेला वाकडातिकडा राडा. तो बघत राहिला. त्याचा चेहरा मी दोनदाच तसा पाहिलाय. एकदा त्याची आई गेली तेव्हा, आणि एक हा.

"माती खाल्ली मी, ग्लेनिस," तो म्हणाला.

मी टोमणा मारणार होते. जिभेवर आला होता. पण नाही मारवला. हात धरला त्याचा. सांगितलं, "मीही बसलेच ना गाडीत."

त्याने भाषणाची तीन पानं घडी घालून माझ्याकडे दिली, शर्ट काढून नीट हँगरवर लावला, आणि ट्रेलरवरचं फावडं काढलं.

मग काय! अख्ख्या खानदानाचं श्रमदान. नेव्हिल कडेची कोरडी माती आणून चाऱ्यांत टाकतोय, डेमियन ताडपत्रीवरून ओढतोय, जोडी पसरतेय, आणि पायपर वर उड्या मारून दाबतेय. मी नवा ड्रेस कमरेला खोचून बादल्या वाहत होते. डेमियनच्या हाताला तासाभरात फोड आले. "सोमवारी माझी मीटिंग आहे," तो म्हणाला. "फोड दाखव त्यांना," जोडी म्हणाली.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. डगने तिकडे फोन स्पीकरला लावला होता. आम्ही पाच जण चिखलात गोल करून उभे राहिलो. कुणी तरी म्हणालं, पावसामुळे श्री. हॅड्रिक येऊ शकले नाहीत, आणि त्यांच्याहून चांगलं हे कुणाला कळणार! सगळे हसले. मग टाळ्या. भरपूर टाळ्या हो, फोनमध्ये फरफर नुसती. नेव्हिल खाली मान घालून ऐकत होता. "चल," टाळ्या संपल्यावर तो म्हणाला, "अजून निम्मं बाकी आहे."

रस्ता वाळेपर्यंत गाडी हलवायची सोय नव्हती. रस्त्याच्या कडेलाच वळकट्या पसरल्या. दोन दिवस सॉसेज, राखेतला पाव आणि टीनच्या डब्यात उकळलेला चहा. डेमियन पायपरला पत्ते शिकवत होता, जोडी मनसोक्त झोपली. ती म्हणाली, आई, चार वर्षांत अशी झोपले नव्हते. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांनी हट्ट धरला म्हणून नेव्हिलने ती तीन पानं चुलीपाशी वाचून दाखवली. बरीचशी चरांबद्दल होती. पण शेवटी माझ्या गुलाबांची माफी मागितली होती. बाई गं! मी तोंड वळवून धूर लागला म्हटलं.

मंगळवारी सकाळी आम्ही सामान बांधत होतो. नेव्हिल एकदम थांबला. "ग्रेडर," तो म्हणाला. आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. दहा मिनिटांनी लांब वळणावर पिवळा ठिपका दिसला.

ग्रेडर आमच्या अलीकडे थांबला. वरून एक मुलगी उतरली. पंचविशीची असेल, काटक, टोपीखाली उन्हाने तांबडं झालेलं नाक. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. सरळ भरलेल्या चाऱ्यांकडे गेली, टाचेने उकरलं, वाकून मूठभर माती हातात घेतली. मग वळली.

"ही गाडी कोण चालवत होतं?"

"मी," नेव्हिल म्हणाला.

"अहो आजोबा, डोळे आहेत की बटणं? रस्ता बंद आहे हे ऐकलं नाहीत?"

"ऐकलं होतं."

"ऐकून घातलीत? वा! आणि हे काय केलंय? फावड्याने माती लोटून ठेवली की झालं? पहिला जनावरांचा ट्रक जाईल आणि खपलीसारखी निघेल ही. आता मला खालपर्यंत फोडायला लागणार, पाणी टाकून परत बसवायला लागणार. साडेतीनशे मीटर! ऐंशी किलोमीटर पुढे वळण खचलंय, ते टाकून मी इथे तुमचे नखरे निस्तरायचे? तुम्हाला काय, सुट्टीवर आलात, फोटो काढलेत, चाललात. मला इथे राहायचंय. आठ महिने खपलेय मी या रस्त्यावर. माझा रस्ता आहे हा!"

मला राहवेना. "अगं ए पोरी," मी सुरुवात केली, "तुला ठाऊक आहे का हे कोण..."

नेव्हिलने माझ्या पायावर पाय दिला. नव्या बुटाचा. ब्रह्मांड आठवलं मला.

"चुकलं माझं," तो तिला म्हणाला. "तुझं बरोबर आहे."

"गाडीचा नंबर मी कौन्सिलला कळवणार आहे."

"कळवायलाच हवा."

तिला बहुतेक भांडण हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून ती आणखी चिडली. "पुढच्या वेळी वाळेपर्यंत बूड टेकून बसायचं. कळलं?"

"कळलं, बाई."

ती तरातरा चढली, आणि आम्ही गाडी कडेला घेऊन वाट करून दिली. तिने ग्रेडरमागचे दात खाली सोडले आणि आमची दिवसभराची मेहनत एका फेरीत उचकटून काढली. नेव्हिल उभा राहून बघत होता. परतीच्या फेरीत तिने पातं तिरपं केलं, माती मधोमध आणली, वेग कुठेही वाढवला नाही. खुन्नस डोक्यात होती, पण हातात नव्हती. काम करता करता ती आमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटत होती, ते मात्र ऐकू आलं नाही ते बरं झालं.

आम्ही निघालो. माझा पाय ठणकत होता.

"एक शब्द बोलला असतास," मी शेवटी म्हटलं. "नाव सांगितलं असतंस तर ती वरमली असती. त्या फरशीवर तुझं नाव आहे, आणि एवढीशी पोरगी तुला..."

"म्हणून तर नाही सांगितलं," नेव्हिल म्हणाला. "वरमली असती, सॉरी म्हणाली असती. मग मला कसं कळलं असतं?" आणि त्याने गाडीचा वेग कमी केला. "ग्लेनिस, दोन वर्षं मला धड झोप नाही गं. वाटायचं, आपण गेलो आणि रस्त्याला कुणीच नाही. आता आहे."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. समोरून एक ट्रक आला, त्याने बोट उचललं.

"काय झापलं गं तिने मला!" थोड्या वेळाने तो म्हणाला. बुलारा येईपर्यंत हेच वाक्य तो आणखी चार वेळा म्हणाला, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त खूश होऊन.